पोरांचे बिबटे कसे करावेत

लागणारं साहित्य: दोनशे पानी वही एक, चौदा ते सोळा वयाची पोरं चार, त्यांत किमान दोन मुली (जखमांना पट्ट्या बांधण्यापलीकडे त्यांना काही काम द्यावं), खलनायक एक, जंगल, नसल्यास ऊस. पौर्णिमा ऐच्छिक.

रूप पालटणाऱ्या पोरांची एक भन्नाट कादंबरी ज्यांच्या डोक्यात बरीच वर्षं ‘जवळपास तयार’ आहे आणि वहीत मात्र नुसतं शीर्षक आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. ज्यांची लिहून झाली आहे त्यांनी वाचू नयेत. उगाच झोप उडेल.

पहिली सूचना, नकाशा काढू नका. नवोदिताचा नकाशा लांबूनच ओळखू येतो. उत्तरेला बर्फाचे डोंगर, दक्षिणेला वाळवंट, मधून एक नदी, आणि ‘निषिद्ध अरण्य’ असं लिहिलेला एक हिरवा डाग. नकाशा रंगवण्यात दिवाळीची सुट्टी जाते, मग त्या देशाची लिपी तयार करण्यात उन्हाळ्याची. लिपी झाली की तिच्यात लिहायला गोष्ट नाही हे ध्यानात येतं.

नावांचंही तसंच. झायरॉन, एल्थेरिया, ड्रेवॉन्क. ही नावं ठेवायला हरकत नाही, पण आधी एक चाचणी घ्या. गॅलरीत उभं राहून त्या नावानं मोठ्यानं हाक मारून बघा. ‘एल्थेरियाऽऽ, पोळ्या गार होतायत!’ हे शेजाऱ्यांदेखत जमलं तर नाव पक्कं. नाही जमलं तर तिचं नाव सुप्रिया.

आता पोरं. या वयाचीच का घ्यायची, तर रूप पालटण्याचं निम्मं काम निसर्गानं आधीच करून ठेवलेलं असतं. आवाज फुटलेला असतो, जूनमध्ये घेतलेले बूट सप्टेंबरात चावतात, आरशासमोर अर्धा तास जातो आणि आरशातला इसम ओळखीचा वाटत नाही. तुम्हाला वरून फक्त शेपूट लावायची आहे. त्यामुळे घरच्यांना सुरुवातीला संशयच येत नाही, हा मोठा फायदा. पोरगा रात्री उशिरा घरी येतो, दिवसा झोपतो, भाजी बघून तोंड फिरवतो, मटण असलं तर ताटावर आडवा पडतो, काही विचारलं की गुरगुरतो. यातलं एकही लक्षण पाहून ‘अहो, आपला बाळ्या बिबट्या झालाय’ असं कुठली आई म्हणेल? ती म्हणेल, मोबाइल काढून घ्या.

आता नियम. इथे घाई नको. बहुतेक अद्भुत कादंबऱ्या लढाईत मरत नाहीत, नियमांत मरतात.

समजा, पन्नास किलोच्या पोराची तुम्ही चिमणी केलीत. चिमणी भरते पंचवीस-तीस ग्रॅम. उरलेला ऐवज गेला कुठे? ‘जादू आहे’ हे उत्तर चालत नाही. जादू असली म्हणून हिशोब माफ होत नाही हे बारा वर्षांच्या वाचकाला कळतं, आणि तोच पत्र लिहून विचारतो. के. ए. ॲपलगेट यांच्या ‘ॲनिमॉर्फ्स’ या अमेरिकन मालिकेत (१९९६ ते २००१, मुख्य पुस्तकं ५४) हा जास्तीचा ऐवज दुसऱ्याच एका अवकाशात ठेवून दिला जातो. कपड्यांचाही प्रश्न त्यांनी सोडवला होता. अंगासरशी घट्ट असेल तेवढंच रूपाबरोबर बदलतं, बाकीचं तिथेच पडतं. हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर पाचव्या प्रकरणात तुमचा नायक मोठ्या अडचणीच्या जागी माणूस होतो.

त्या मालिकेची खरी कमाई मात्र दोन तासांच्या मर्यादेत आहे. प्राण्याच्या रूपात त्याहून जास्त राहिलात की कायमचे अडकलात. लेखिकेनं ही मर्यादा नुसती धमकी म्हणून टांगून ठेवली नाही. पहिल्याच पुस्तकात टोबायस नावाच्या पोराला तिनं लाल शेपटीच्या शिकारी पक्ष्याच्या रूपात अडकवलं. नियम मोडल्यावर काय होतं हे वाचकानं एकदा पाहिलं की पुढे नुसतं घड्याळ दाखवलं तरी त्याच्या पोटात गोळा येतो.

हॅरी पॉटरच्या जगात प्राणी होऊ शकणाऱ्या जादूगाराला मंत्रालयात नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी चुकवलेला पीटर पेटिग्रू बारा वर्षं एका कुटुंबाचा पाळीव उंदीर होऊन राहतो. ही नोंदणी आपल्याकडे आणायचा मोह आवरू नका. आधारच्या यंत्रावर पंजा उमटत नाही. हॉल तिकिटावरचा फोटो जुळत नाही. रूपांतराचा दाखला मिळवायला रहिवासी दाखला लागतो, आणि राहण्याचं ठिकाण म्हणून ‘ऊस, गट नंबर अमुक’ कुणी लिहून घेत नाही. हे एक अख्खं प्रकरण होईल, आणि लढाईच्या प्रकरणापेक्षा बरं होईल.

प्राणी कोणता? नवोदितांची पसंती ठरलेली: लांडगा, गरुड, काळा बिबट्या. म्हैस कुणी होत नाही. मी साधा, ठिपक्यांचा, जुन्नर तालुक्यातला बिबट्या सुचवतो. एक तर वजनाचा प्रश्न मिटतो. पन्नास किलोचा पोरगा, पन्नास किलोचा बिबट्या, कुठल्या अवकाशात काही ठेवायला नको. दुसरं म्हणजे हे निषिद्ध अरण्य तुम्हाला रचावं लागत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत दाट आडोसा, कडेला वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या तिथेच वितात, आणि तोडणीच्या वेळी टोळीतल्या कुणाच्या तरी कोयत्यासमोर डोळेही धड न उघडलेले बछडे येतात. नकाशा काढायचाच असेल तर याचा काढा.

बिबट्याचे आणखी काही गुण कथेच्या उपयोगाचे आहेत. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, म्हणजे झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात पोरगा एकदा टिपला गेला की ओळखू येतो. या भागात पकडलेल्या कित्येक बिबट्यांच्या शेपटीच्या बुडाशी वन खात्यानं इवलीशी चिप बसवून त्यांना सोडलेलं आहे. तुमचा पोरगा असा एकदा सापडला, सुटला आणि माणूस झाला, तर ती चिप कुठे गेली? याचं उत्तर मी देणार नाही. पण शाळेच्या बाकावर बसताना तो एका बाजूला का कलतो, हे वर्गशिक्षकांनी विचारायला हवं.

आणि सर्वांत कामाची गोष्ट: मांजरकुळातल्या प्राण्यांना गोड चव कळत नाही. म्हणजे पोरगा लहानाचा मोठा झाला गुऱ्हाळाच्या कढईशी, लपतो उसात, आणि ऊस गोड असतो हे त्याला त्या रूपात ठाऊकच नसतं. पहिल्यांदा परत माणूस झाल्यावर काकवी पाणचट लागते, संध्याकाळपर्यंत चव येते. पुढच्या खेपेला दोन दिवस लागतात. दिवाळीत आई लाडू पुढे करते, तो ‘छान झालाय’ म्हणतो, आणि ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघते. रूप पालटण्याची एवढी किंमत पुरे. शाप, भविष्यवाणी, आकाशातून पडलेला मणी, यांतलं काहीही आणू नका. फुकट रूप पालटणाऱ्या पोराची काळजी वाचकाला वाटत नाही. हेवा वाटतो, आणि हेव्यावर चारशे पानं निघत नाहीत.

आता खलनायक. त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण करण्याची रूढ रीत अशी: शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो खिडकीशी उभा राहून सांगतो की लहानपणी त्याचं कुत्रं मेलं होतं. मग पाऊस येतो. ही रीत बंद करा.

लाखोबा लोखंडेचा आदर्श ठेवणारेही भेटतात. लाखोबाचं नाटक ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं. अत्र्यांची लेखणी, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर पाच भूमिकांत. जादूटोण्याशिवाय इतका रूपपालट मराठी रंगभूमीवर दुसरा नाही. पण लाखोबा आपल्याला आवडतो, त्याच्यासाठी जीव तुटत नाही, आणि नाटकाची तशी मागणीही नाही. टाळ्या घेणारा खलनायक वेगळा, झोप उडवणारा वेगळा.

दुसरा धोका कर्णाचा. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली तेव्हापासून कर्णावर अन्याय झाला याविषयी मराठी घरांत वाद उरलेला नाही. त्या भरात नवोदित लेखक खलनायकाची सगळी दुःखं लिहितो आणि त्याची करणी झाकतो. भर सभेत द्रौपदीची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगणारा हाच कर्ण आहे. दुःख सांगा, भरपूर सांगा. करणी खोडू नका.

खरा नमुना हवा असेल तर मारीच घ्या. आपल्याला सोनेरी हरीण तेवढं आठवतं. वाल्मीकींनी त्याच्यामागे एक अख्खी कादंबरी मांडली आहे. मारीच मुळात यक्षकुळातला. बाप सुंद मारला गेला, आई ताटका त्याला घेऊन अगस्त्यांवर धावून गेली, आणि ऋषींनी शाप देऊन त्याला राक्षस केलं. पुढे आई रामाच्या बाणानं गेली. विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणायला गेला तेव्हा रामाच्या अस्त्रानं तो शंभर योजनं लांब समुद्रात जाऊन पडला. तेव्हा राम केवढा होता? दशरथ विश्वामित्रांना सांगतो, माझ्या पोराला अजून सोळा वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे तुमचा किशोरवयीन नायक इथे हजरच आहे, फक्त बाणाच्या दुसऱ्या टोकाला.

मारीच पुन्हा एकदा हरणाच्या रूपात रामावर जातो. बरोबरचे दोघं मरतात, हा वाचतो, आणि मग सगळं सोडून जटा वाढवून तप करत बसतो. भीती मात्र जात नाही. झाडाझाडात त्याला राम दिसतो. रत्न, रथ असे ‘र’नं सुरू होणारे शब्द ऐकले तरी दचकतो. अशा माणसाकडे रावण येतो. पहिल्यांदा मारीच त्याची समजूत घालून परत पाठवतो. दुसऱ्यांदा रावण ऐकत नाही. अर्धं राज्य देतो म्हणतो, नाही तर इथेच ठार करतो म्हणतो. मारीच बरोबर सांगत असतो, अगदी प्रत्येक शब्द. ऐकणारा कुणी नाही. कुणाच्या हातून मरायचं एवढंच ठरवायचं उरतं, तेव्हा तो हरीण होतो. बाण लागल्यावर मृगरूप गळून पडतं, आणि जाता जाता तो रामाच्या आवाजात हाक मारून रावणाचं काम पुरं करतो. ती हाक विसरू नका. तिच्यामुळे तो निर्दोष सुटत नाही आणि नुसता दुष्टही उरत नाही.

हे सगळं आता उसात आणा. खलनायक म्हणून एक सरपंचबाई घ्या. तिच्या मागण्या लिहून काढा: शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे माणसांना रात्री पाणी धरायला जावं लागणार नाही, वस्तीभोवती उजेड करा, पोरांनी अंधारात उसाकडे फिरकू नये. एकही मागणी चुकीची नाही. तुमचे चारही नायक ज्या वेळी उसात बागडत असतात, नेमक्या त्याच वेळी ते उसात नसावेत असं तिला वाटतं, आणि तेही रास्त आहे.

तिला रूपपालट ठाऊक आहे. तिचा भाऊ पंधराव्या वर्षी पालटला होता. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून पकडलेले बिबटे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले जात होते. चांगल्या हेतूनंच. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की अशा स्थलांतरानं माणसांवरचे हल्ले उलट वाढले. त्या गाड्यांपैकी एकीत हिचा भाऊ होता असं समजा. पिंजरा कुणी मागवला होता? घाबरून, हिनंच.

रावणही लागेल. साखर कारखान्याचा चेअरमन चालेल. गावात एक हल्ला झालेला आहे, आणि निवडणुकीच्या आत लोकांना पिंजऱ्यात एक बिबट्या दिसला पाहिजे, कुठलाही. अर्ध्या राज्याऐवजी जिल्हा परिषदेचं तिकीट. बाई एकदा नाही म्हणते, दुसऱ्यांदाही म्हणते. मग तिच्या टेबलावर कॅमेऱ्यातले फोटो येतात. ठिपके बघून कोण कुणाच्या घरचा ते तिला कळतं, आणि हल्ला यांच्यापैकी कुणी केला नाही हेही कळतं. तरी ती पिंजऱ्याची जागा सांगते. या ठिकाणी लेखकानं पाऊस आणू नये. तिला साडी सारखी करून ग्रामसभेला जाऊ द्यावं.

नेहमीच्या अडचणी. खलनायिका नायकांपेक्षा चांगली वठली तर नायकांची पानं कमी करा. मित्र म्हणाला, ‘यात ड्रॅगन नाही,’ तर मित्राला पुढचं प्रकरण देऊ नका. प्रकाशक तीन खंड मागेल. पहिला संपवल्याशिवाय कबूल होऊ नका, आणि दुसऱ्या खंडात चेअरमनला बिबट्या करण्याचा विचार मनात आला तर काही दिवस वही बंद ठेवा. पोरं परत माणूस व्हायला तयार नसली तर बोर्डाचं वेळापत्रक बघा. गणित भाग दोनचा पेपर होईपर्यंत त्यांना उसातच राहू द्या, आणि तेवढ्यात बाईंचं प्रकरण लिहून घ्या.