मुकादमाची संमती

मोठं ऑपरेशन म्हटलं की दवाखान्यात एका कागदावर सही घेतात. माणूस शुद्धीवर असला तर स्वतःच करतो, नसला तर जवळचा नातेवाईक करतो. आमच्या मुकादमासाठी ती सही मला करायची आहे. त्या कागदावर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना असला तर काय लिहायचं, याचा विचार मी अजून केलेला नाही.

मुकादम म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वय वर्षं तेरा. जन्म राजूरच्या एका चुनाभट्टीवरचा. इथं एकीकडं भट्ट्यांचा चुना आणि दुसरीकडं कॉलरीचा कोळसा, त्यामुळं त्याचा खरा रंग पावसाळ्यापुरताच कळतो. लहानपणी भट्टीवरच्या ढिगावर बसून तो कामावरच्या माणसांकडं एकटक बघायचा, स्वतः मात्र काडी हलवायचा नाही. नाव आपोआप पडलं.

यंदा त्यानं भाकरी टाकली. नुसतं दही चाटायचा. वणीच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि नागपूरला न्या म्हणाले. वरोरा, जाम, बुटीबोरी असा सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास मुकादमानं खिडकीबाहेर तोंड काढून केला. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचं. तिथल्या बाकावर एकीकडं गळ्यात चांदीची घंटी घातलेला पग, दुसरीकडं दोरीला बांधलेली शेळी आणि मधे आम्ही. सोनोग्राफीत दिसलं, पाणथरीवर मोसंबीएवढी गाठ.

पाणथरी काढली तरी कुत्रा जगतो, हे मला नवीन होतं. पण अडचण पुढं आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या पाणथरीवरच्या गाठींपैकी ढोबळमानानं दोन तृतीयांश कर्करोगाच्या निघतात, आणि त्यातल्याही दोन तृतीयांश रक्तवाहिन्यांच्या वाईट जातीच्या. तशी निघाली तर ऑपरेशन करूनही बहुधा काही महिनेच. साधी निघाली तर कुत्रा बरा. नक्की कोणती ते गाठ काढून तपासल्यावरच कळणार. आणि काढली नाही तर ती कधीही फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे प्रश्नपत्रिका सोडवायला आधी ऑपरेशन करायचं आणि मग ते करायला हवं होतं की नाही ते ठरवायचं.

गावात सल्ल्याला तोटा नाही. चहाच्या टपरीवर शेजारी म्हणाला, “कुत्र्याचं आपरेशन? एवढ्यात दोन बकऱ्या येतात ना भाऊ! आमच्या बुढ्याचं मोतीबिंदू रायलं अजून.” या वाक्यानं मी चांगलाच ओशाळलो. बैलाला लागेल तो खर्च करणारं हे गाव, पण बैल शेत नांगरतो, पोळ्याला सजतो. मुकादमानं आयुष्यभर देखरेख केली, तीही कुणी सांगितलेली नसताना. आईचं मत वेगळं. “त्याले विचारा,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

विचारायचं कसं? युधिष्ठिरानं कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल ठेवायला नकार दिला, त्याचं आपण केवढं कौतुक करतो. पण हिमालय चढायचाय का, असं त्या कुत्र्याला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो आपला मागं मागं चालत गेला. तो साक्षात धर्म होता म्हणून निभावलं. आमचाही मागं मागं येईल, गाडीत बसेल, टेबलावर चढेल. त्याला पुढचे सहा महिने हवेत की नकोत, हा हिशेब त्याच्या डोक्यात नाहीच. तो माझ्या डोक्यात आहे, आणि त्यात अर्धा हिशेब माझाच आहे, हे कबूल करायला हवं. त्याला वाचवायचंय, की आपण काहीच केलं नाही हे पुढं ऐकायचं टाळायचंय?

“एवढ्या वयात कशाला?” असं विचारलं तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले, “वय हा काही आजार नाही.” ते हृदय आणि मूत्रपिंडं बघतात, छातीचा एक्स-रे काढून गाठ फुप्फुसात पसरली का ते बघतात. मुकादमाची छाती स्वच्छ निघाली. मूत्रपिंडं काठावर पास. म्हणजे डॉक्टरांच्या बाजूनं अडथळा नाही, आता तुम्ही ठरवा. यासारखं अवघड वाक्य नाही. नाही म्हणाले असते तर मी त्यांच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

कुत्र्याच्या वयाला सातानं गुणायचं, हे चुकीचं आहे म्हणे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉरांचा डीएनए तपासून लॉगरिदमचं सूत्र काढलं. त्यानुसार तेरा वर्षांचा कुत्रा साधारण बहात्तर वर्षांच्या माणसाएवढा. मुकादम लॅब्रॅडॉर नाही, पण लॉगरिदम त्याला थोडंच कळतंय! मलाही कळत नाही. आकडा मात्र मी लक्षात ठेवला.

परवा सकाळी शेजाऱ्याचे वडील ओट्यावर बसले होते, तेच मोतीबिंदूवाले. त्यांच्या पायाशी मुकादम पसरलेला. मी चाचरत विचारलं, “बाबाजी, तुमच्या डोळ्याचं राहिलं म्हणे?”

“रायलं नाई, मीच नाई म्हनलं,” म्हातारा म्हणाला. “पोट्टा मांगं लागला होता. मले जेवढं दिसाचं तेवढं दिसते. या कुत्र्याले काय झालं?”

सगळं सांगितलं. गाठ, दोन तृतीयांश, एक्स-रे. म्हाताऱ्यानं हात चाचपडत मुकादमाचं डोकं शोधलं.

“वय काय म्हनता?”

“माणसाच्या हिशेबानं बहात्तर.”

“बहात्तर? मंग तं पोट्टंच हाये! घ्या करून.”

शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. ही संमती म्हणून चालेल का माहीत नाही, पण मी फोन काढला आणि तारीख घेतली, पुढचा बुधवार. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, “गाडी करूनच चाल्ले ना? एक मानूस बसते का मांगं? त्याच्या डोक्याले हात लावाले कोनी पाह्यजे ना. अन् डोळ्याचं मले कोनी विचारू नोका.”