चाळीसचं पन्नासशी बोलणं

आमच्या अकाउंट्सच्या काकांनी खुर्चीतून न उठता हात लांबवला तर प्रिंटरमधला कागद हातात येतो. पण त्यांनी छापायला दिलेलं बिल आधी भिंतीतल्या वायरने वरच्या मजल्यावर जातं, सर्व्हर रूममधल्या रॅकमध्ये शिरतं, तिथे त्याची चौकशी होते, आणि मग ते पुन्हा खाली येऊन काकांच्या कोपराशेजारी छापलं जातं. हे मी काकांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं वर जाऊन येतंच आहे, तर येताना चहा सांगून ये म्हणावं."

पूर्वी असं नव्हतं. भोसरीतल्या आमच्या ऑफिसात सगळे एकाच नेटवर्कवर नांदत होते. १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते, त्यातले वापरता येतात २५४, आणि त्यावर संगणक, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र, साहेबांच्या केबिनमधला टीव्ही आणि सेल्सवाल्यांचे माणशी दोन मोबाइल. अशा नेटवर्कात एका यंत्राला दुसरं हवं असलं की ते सगळ्यांना ओरडून विचारतं, "हा आयपी कुणाचा रे?" ज्याचा असतो तो ओ देतो, बाकीचे ऐकून सोडून देतात. ही पद्धत १९८२ सालची आहे आणि दहा-वीस यंत्रांत छान चालते. दोनशे यंत्रं झाली की दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतं आणि बाकीच्यांना कामधाम सोडून कान द्यावा लागतो. आमच्याकडे हे माणसांच्या बाबतीतही चालू होतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही जाणवलं नाही.

जाणवलं ते ऑडिटरना. ते पाहुण्यांसाठीच्या वायफायवर बसून चहा पीत होते, तेवढ्यात त्यांच्या लॅपटॉपवर पगारपत्रकाचा फोल्डर दिसला. आपण तो उघडला नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ज्या चेहऱ्याने साहेबांकडे पाहिलं, त्यावरून उघडला असावा. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं करून टाका. उद्यापासून."

वेगळं करायला नव्या वायरी लागत नाहीत, हीच व्हीलॅनची, म्हणजे त्याच वायरींवरच्या आभासी वेगळ्या नेटवर्कांची, गंमत. इथरनेटचं जाळं फार मोठं झालं तर काय करायचं, या प्रश्नाशी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोअर या टेलिफोन संशोधन संस्थेत डेव्हिड सिंकोस्की झगडत होते, आणि व्हीलॅनची कल्पना तिथली. १९९८ साली आयईईईने तिचं मानक छापलं. वायर तीच, स्विच तोच. फक्त एका स्विचवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला चार बाइटची एक चिठ्ठी चिकटते आणि त्या चिठ्ठीत बारा बिटांत व्हीलॅनचा नंबर असतो. पहिला आणि शेवटचा नंबर राखीव ठेवला तरी ४०९४ उरतात. आम्हाला सात पुरले. साहेब दहा, एचआर वीस, सेल्स तीस, अकाउंट्स चाळीस, प्रिंटर पन्नास, कॅमेरे आणि हजेरीचं यंत्र साठ, पाहुणे सत्तर.

हा कागद नोटीस बोर्डावर लागल्याबरोबर काका वर आले. "चाळीस म्हणजे बेरीज चार. चार म्हणजे राहू. मार्च एंडला अकाउंट्सच्या डोक्यावर राहू?" सेल्सच्या मॅडमना चाळीसबद्दल काही म्हणायचं नव्हतं, पण एचआर आपल्या आधी का, हे त्यांना लेखी हवं होतं. नंबर लहान असला म्हणून वेग वाढत नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. एकट्या शिपाई मामांना सगळं प्रकरण लगेच कळलं. म्हणाले, "वाड्यात वाटण्या झाल्यात. भिंती त्याच, चुली वेगळ्या, आणि निरोप द्यायचा तर थोरल्याच्या हातून." हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक नव्या ट्रेनीला फुकट देतो. तो थोरला म्हणजे राउटर.

आणि थोरल्याचा हुकूम सुटेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. व्हीलॅनचं काम तोडायचं, जोडायचं नव्हे. रविवारी तोडणं झालं. जोडणीची यादी साहेबांच्या सहीसाठी अडली होती, पण सोमवार काही सहीसाठी थांबला नाही. दहाच्या ठोक्याला माझा फोन वाजायला लागला आणि प्रत्येकाची तक्रार एकच: "नेट बंद आहे." काही संगणकांना तर पत्ताच मिळाला नव्हता. पत्ता मागणारी आरोळी आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. ती पलीकडे पोचवायला राउटरवर वेगळी सोय करावी लागते. ती नसली की संगणक थोडी वाट पाहतो आणि मग आपल्या मनानेच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता लावून बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याला आयपी आहे की! आहे, पण त्या आयपीने तो कुठेही जाऊ शकत नाही.

सही आल्यावर सुरुवात जुन्या राउटरवर केली. त्याला एकच वायर: सगळ्या व्हीलॅनची वाहतूक त्या वायरीने वर जाणार, राउटरमध्ये चिठ्ठी बदलणार आणि त्याच वायरीने खाली येणार. आमच्या धंद्यात याला राउटर ऑन अ स्टिक म्हणतात. शिकवायला झकास, शंभर मेगाबिटच्या पोर्टवर महिनाअखेरीला भयाण. म्हणून लेयर थ्री स्विच मागवायचं ठरलं. तो स्वतःच्या पोटातच हे वळण घेतो, एका वायरीवर सगळ्यांची दाटी होत नाही. परचेसवाल्यांनी फाइल परत पाठवली. लेयर टू स्वस्त असताना लेयर थ्री का? मी कारण लिहून दिलं. मग फोन आला, "तुम्हाला थ्री हवाय, बजेट टूचं आहे. अडीचचा काही मिळतो का बघा ना."

स्विच आला, बसला. खरा गोंधळ त्यानंतरचा. वाट काढणं हे तासाभराचं काम. त्या वाटेने कुणाला जाऊ द्यायचं, हे ठरवायला मीटिंग लागते. मी एक तक्ता केला. उभ्या बाजूला सात व्हीलॅन, आडव्या बाजूला तेच सात, आणि चौकोनात हो किंवा नाही. इतकी वर्षं त्या ऑफिसात कोण कोणाशी का बोलत नाही, याचा एवढा स्वच्छ दस्तऐवज तयार झाला नव्हता. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, अकाउंट्सला आमचं काही दिसता कामा नये. काका म्हणाले, हजेरी दिसली नाही तर पगार कुणाच्या बापाचा काढू? सेल्सला सगळ्यांचं सगळं हवं होतं, पण आपल्या टूर बिलांकडे जाणारी वाट बंद हवी होती. साहेब बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या ओळीत सगळीकडे हो लिहा." मी म्हणालो, सर, तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर त्यालाही सगळीकडे हो. ते म्हणाले, "माझ्या लॅपटॉपमध्ये कशाला शिरेल?" याला उत्तर देणं माझ्या पगारात बसत नाही.

त्या तक्त्याचे नियम स्विचमध्ये लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी लागू पडेल तोच चालतो. खाली कितीही मोठ्या माणसाची परवानगी असो, तिथवर कुणी वाचत जात नाही. शिवाय यादीच्या तळाशी एक ओळ न लिहिताही असते: बाकी सगळ्यांना मनाई. सरकारी कार्यालयात काढलेली निम्मी हयात आठवून काका म्हणाले, "हे मला माहीत आहे. ती ओळ बोर्डावर कधीच नसते."

काकांची मागणी मात्र वेगळीच होती: "मी एचआरला विचारीन, पण एचआरने मला विचारायचं नाही." हे करता येतं. प्रश्न विचारण्याची परवानगी एकालाच देता येते. पण उत्तराला परतीची वाट ठेवावीच लागते, आणि तीच नेमकी सगळे विसरतात. हजेरीच्या यंत्राने हेच केलं. एचआरचा सर्व्हर विसात, यंत्र साठात. सर्व्हरने हजेरी मागितली की मागणी यंत्रापर्यंत व्यवस्थित पोचत होती. उत्तर येत नव्हतं. त्या दिवशी कागदोपत्री आमच्या कंपनीत कुणीही कामाला आलं नाही, आणि उत्पादनाच्या आकड्यांत तसा काही फरकही पडला नाही. यंत्र बसवून देणारा तरुण आला, त्याने बोट लावलं, ट्रिंग वाजलं. "मशीन ओके आहे सर, प्रॉब्लेम तुमच्या नेटवर्कमध्ये." साठातच लॅपटॉप लावून पिंग केलं, तर यंत्र टुणटुणीत उत्तर देत होतं. विसातून पिंग केलं तर ढिम्म. मग यंत्राचा मेनू उघडला. आयपी नवा भरलेला, मास्क बरोबर, आणि गेटवेच्या रकान्यात चार शून्यं. आपल्या व्हीलॅनबाहेरच्या माणसाला उत्तर द्यायचं तर ते कुणाच्या हाती सोपवायचं, हे त्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. गेटवे भरल्यावर, पोटात साठवून ठेवलेली सगळी हजेरी त्याने एका दमात ओकली, उशिरा आलेल्यांच्या वेळांसकट. लोक माझ्यावर नाराज झाले ते त्या दिवशी.

साहेबांचा टीव्ही हा मात्र अजून चालू असलेला खटला आहे. मोबाइल दहात, केबिनमधला टीव्ही सत्तरात, आणि मोबाइलला टीव्ही दिसत नाही. परवानगी आहे, पिंग जातं, तरी दिसत नाही. कारण "इथे कुठे टीव्ही आहे का?" ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर मारली जाते आणि ती फक्त घरातल्या घरात मारायची, राउटरने ती ओलांडू द्यायची नाही, असा नियमच आहे. तिच्यासाठी मधे एक निरोप्या बसवावा लागतो. त्याची फाइल परचेसकडे आहे. साहेब मला दर आठवड्याला ऐकवतात, "घरी तर लगेच लागतो!" घरी व्हीलॅन नसतो, सर. घरी सगळे एकमेकांचं ऐकतात, असं मी म्हणणार होतो, पण त्यांचं घर मी पाहिलेलं आहे.

तेव्हा वाचकहो, आपापल्या ऑफिसातल्या आयटीवाल्याला फोन कराल तेव्हा "नेट बंद आहे" एवढंच म्हणू नका. कुठून कुठे जात नाही ते सांगा, आणि कुठे जातंय तेही सांगा. "गूगल उघडतंय, शेजारचा प्रिंटर लागत नाही" एवढं ऐकलं तरी निम्मं काम झालेलं असतं. आणि हजेरीचं नवीन यंत्र बसवून घेत असाल, तर ट्रिंग ऐकून सही करू नका. आधी गेटवेचा रकाना बघा.