इंच नव्हे, अंतर मोजा

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास कॉम्प्युटरच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो. “मॉनिटर कशाला घेताय? तेवढ्याच पैशांत बत्तीस इंची टीव्ही घेऊन जा. दिवसा पोरीचा अभ्यास, रात्री घरच्यांच्या मालिका.” बाप मनात हिशेब मांडतो: चोवीसपेक्षा बत्तीस मोठे, शिवाय एका खर्चात दोन कामे. टीव्ही घरी येतो, टेबलावर चढतो आणि मुलगी हातभर अंतरावर बसून त्यावर रोज तासन्‌तास वाचू लागते. हा सल्ला चुकीचा आहे. देणाऱ्यांनी तो देणे थांबवावे आणि घेणाऱ्यांनी तो ऐकणे थांबवावे.

आधी ठिपके मोजू. स्वस्तातल्या बत्तीस इंची टीव्हीवर बहुधा ‘एचडी रेडी’ असे लिहिलेले असते. म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, एकूण साधारण साडेदहा लाख. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. पडदा मोठा आणि ठिपके निम्मे! टीव्हीवर एका इंचात ४९ ठिपके बसतात, मॉनिटरवर ९२. दुकानदार इंच ओरडून सांगतो आणि ठिपक्यांचे नाव काढत नाही. गिऱ्हाइकाने नेमके तेच विचारायला हवे.

यापुढची गोष्ट जास्त वाईट आहे. असे बरेच टीव्ही बाहेरून फुल एचडी सिग्नल घेतात आणि आतल्या आत तो आपल्या कमी ठिपक्यांत कोंबतात. कॉम्प्युटर १०८० ओळी पाठवतो, पडद्यावर जागा ७६८ ओळींची. दर सात ओळींतल्या दोन गेल्याच. सिनेमात नायकाच्या शर्टाच्या दोन ओळी गेल्या तर कोणाला कळत नाही. अक्षराच्या दोन ओळी गेल्या तर अक्षरच मोडते.

देवनागरीला याचा फटका सर्वांत जोरात बसतो. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराच्या खाली उकार, ऋकार, हलन्त. एका ओळीच्या उंचीत तीन मजले मावायचे असतात. म्हणून मधल्या अक्षराच्या वाट्याला थोडेच ठिपके येतात. त्यातून ओळी गळल्या की घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातला फरक पुसट होतो. द्ध, द्य, द्व हे तिघे एकसारखे काळे डाग होतात. अनुस्वार हा मुळातच एक ठिपका, आणि तो गेला की ‘त्यांचे’ लिहिलेले ‘त्याचे’ वाचले जाते. शुद्धलेखन शिकायच्या वयात मुलांपुढे असा पडदा ठेवायचा आणि नंतर त्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणून रागवायचे, हा मुलांवर अन्याय आहे.

ही लिपी पडद्यावर सहज आलेली नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान ज्यांनी वापरले आहे, त्यांना आठवत असेल. देवनागरी दिसावी म्हणून तेव्हा कॉम्प्युटरमध्ये वेगळे कार्ड बसवावे लागे. आज प्रत्येक मशीनवर युनिकोड मराठी फुकट आहे. एवढ्या लोकांच्या मेहनतीने आलेले अक्षर शेवटच्या दोन फुटांत घालवायचे का?

आता अंतर. सगळा वाद मुळात अंतराचा आहे. चांगली नजर असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखतो. एचडी रेडी बत्तीस इंची टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा असतो. तो डोळ्याला वेगळा दिसायचा थांबतो साधारण पावणेदोन मीटरवर, म्हणजे जवळजवळ सहा फुटांवर. टीव्ही बनवणाऱ्याने तो तेवढ्या लांबूनच बघण्यासाठी बनवला आहे आणि तिथे त्याचे काम चोख आहे. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा आणि त्याला तीन फूट पुरतात. हातभर अंतरावरून त्याचेही ठिपके पूर्ण मिटत नाहीत, हे मान्य. सत्तावीस इंची, १४४० ओळींचा मॉनिटर त्याहून बरा, ज्याला परवडेल त्याने तो घ्यावा. पण सहा फुटांची वस्तू दोन फुटांवर ठेवायची आणि डोळे चुरचुरतात म्हणून मुलाला चष्म्याच्या दुकानात न्यायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

मानेचाही विचार करा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. बऱ्याच मॉनिटरचा स्टँड वर-खाली होतो, पडदा वाकवता येतो. टीव्हीला दोन टोकांना दोन पाय असतात आणि ते जिथे असतील तिथेच राहतात. त्रेचाळीस इंची टीव्ही जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवर बसलात तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७७ अंश होतात. चोवीस इंची मॉनिटरला ४८. रोज आठ तास मान डावीकडून उजवीकडे फिरवायची असेल, तर टेनिसचा सामना तरी बघावा.

टीव्हीला चित्र ‘सुधारायची’ सवय असते. आलेले चित्र तो तसेच दाखवत नाही. कडा गडद करतो, हालचाल गुळगुळीत करतो, रंग भडक करतो. क्रिकेटला हे चालते. कॉम्प्युटरवर मात्र गडद केलेल्या कडेमुळे प्रत्येक अक्षराभोवती पांढुरकी रेघ येते. चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो, म्हणून माउस हलवल्यानंतर बाण मागून येतो. काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. ही काचेच्या जुन्या ट्यूबच्या काळातली सोय अजून टिकून आहे आणि तिच्यापायी खालचा टास्कबार अर्धा गायब होतो.

रंगांचे गणित तर कोणी सांगतच नाही. व्हिडिओची जागा वाचवण्यासाठी चार ठिपक्यांत मिळून एकच रंग वापरायची पद्धत आहे. तिला ४:२:० म्हणतात. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा राहतो, म्हणून सिनेमात फरक जाणवत नाही. पण निळ्या पट्टीवरचे लाल अक्षर चिखलात पडल्यासारखे दिसते. विंडोजचे क्लिअरटाइप तर अक्षर रेखीव करायला ठिपक्यातले लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे वापरते, त्यामुळे काळ्या अक्षरांनाही रंगीत झालर येते. मॉनिटर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग देतो, म्हणजे ४:४:४. टीव्ही ते करतो का, हे खोक्यावर छापलेले नसते. छापायला हवे. स्पीकर किती वॅटचे हे मोठ्या अक्षरांत छापता, मग अक्षर नीट दिसेल की नाही हे का लपवता?

‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांपासून तर दूरच राहा. त्याचा अर्थ टीव्ही फोर-के आहे असा होतोच असे नाही. फोर-के चित्र पाठवले तर तो ते घेईल आणि आपल्याला झेपेल तेवढे दाखवेल, इतकाच अर्थ असू शकतो. ‘पॅनेलचे नेटिव्ह रिझोल्यूशन किती?’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ३८४० गुणिले २१६० असेल तरच फोर-के. केबल आणि पोर्टही तपासा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, आणि माउस हलवताच ते कळते. ६० साठी एचडीएमआय २.० लागते. ते २०१३ मध्ये आले, पण जुना लॅपटॉप किंवा जुनी केबल मध्ये असेल तर तुम्ही ३० वरच अडकणार.

स्मार्ट टीव्ही विकत घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तोही तुमच्याकडे बघतो. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या कंपनीला २२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. सुमारे १.१ कोटी टीव्हींवर काय चालले आहे, याची नोंद ती बघणाऱ्यांची संमती न घेता सेकंदासेकंदाला गोळा करत होती, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. त्यात टीव्हीला बाहेरून जोडलेल्या उपकरणांवरची दृश्येही होती. ज्या पडद्यावर तुम्ही बँकेचे खाते उघडता, मुलांचे निकाल बघता, त्याला इंटरनेट देण्याची गरज नाही. टीव्हीच वापरायचा असेल तर त्याला वायफाय जोडू नका. साध्या मॉनिटरला हा प्रश्नच नाही.

मग टीव्ही कधीच नको का? असे मी म्हणत नाही. फोर-केचा त्रेचाळीस इंची टीव्ही घ्या. एका इंचात १०२ ठिपके, म्हणजे चोवीस इंची मॉनिटरपेक्षा दाट. तो ६० हर्ट्‌झवर ४:४:४ देत असेल, आणि टेबल एवढे खोल असेल की पडदा तीन फुटांवर राहील, तर हिशेबाचे लांबलचक तक्ते, व्हिडिओचे संकलन, चार खिडक्या शेजारी शेजारी उघडून करायचे काम यांना तो उत्तम. ज्यांची नजर अधू आहे आणि ज्यांना अक्षरे मोठी करूनच वाचावी लागतात, त्यांना मोठा पडदा खरोखर आधार देतो. वर्गाच्या भिंतीवर, बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर बसून खेळायच्या गेमला टीव्हीच हवा. आणि कर जास्त म्हणून बत्तीसवर थांबलो, हे कारणही आता उरलेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपुढच्या टीव्ही-मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

घरातला टीव्ही कॉम्प्युटरला जोडणे ही लाजेची गोष्ट मुळीच नाही. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम टीव्हीलाच जोडला जायचा. एका ओळीत ३२ अक्षरे, अशा २४ ओळी. तेवढ्यावर एक पिढी प्रोग्रॅमिंग शिकली. पण कचेरीचे काम ज्यांना करायचे होते ते तेव्हाही मॉनिटरकडे वळले, कारण १९८१ चा आयबीएम पीसी आपल्या मॉनिटरवर एका ओळीत ८० अक्षरे स्वच्छ दाखवायचा. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पायही घरच्या टीव्हीला जोडता यावा असाच बनवला गेला. नवा पडदा घ्यायला पैसे नसतील, तर घरातला टीव्ही जरूर वापरा. फक्त नीट वापरा.

नीट म्हणजे कसा, तेही सांगतो. टीव्हीवर पिक्चर मोड ‘पीसी’ करा, तो नसेल तर ‘गेम’. शार्पनेस खाली आणा. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा, म्हणजे कडा कापल्या जाणार नाहीत. कॉम्प्युटरचे रिझोल्यूशन टीव्हीच्या खऱ्या ठिपक्यांएवढे करा: एचडी रेडीला १३६६ गुणिले ७६८. आणि सर्वांत महत्त्वाचे, टेबल मागे घ्या. बिनतारी कीबोर्ड-माउस घेऊन सहा फुटांवर बसा आणि पानावरची अक्षरे मोठी करा.

नवीन घेणार असाल तर दुकानात जाताना सोबत मराठी मजकुराचे एक पान पेनड्राइव्हवर घेऊन जा. बारा पॉइंटमध्ये ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘दृष्ट्या’, ‘ज्ञानेंद्रिये’ असे शब्द टाका, काही ओळी लाल, काही निळ्या. दुकानदाराचा निसर्गाचा व्हिडिओ बंद करायला सांगा. त्या झळाळत्या धबधब्यात कुठलाही पडदा सुंदर दिसतो. खुर्ची मागून घ्या, हातभर अंतरावर बसा आणि पाच मिनिटे वाचा. अडखळलात तर उठा आणि दुसरा पडदा दाखवायला सांगा.

दुकानदारांनीही हे मनावर घ्यावे. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत प्रत्येक दुकानात मांडलेल्या एका तरी पडद्यावर मराठी पान उघडे असू द्या, आणि किमतीच्या चिठ्ठीवर इंचांशेजारी ‘दर इंची ठिपके’ हा आकडा लिहा. गिऱ्हाईक आल्यावर बजेट विचारायच्या आधी विचारा: “बसणार किती लांब? वाचणार की बघणार?” वाचणाऱ्याला मॉनिटर द्या, मग तो बावीस इंचांचा असला तरी हरकत नाही. लांबून बघणाऱ्याला टीव्ही द्या. ज्या मुलाला दहावीचा अभ्यास त्या पडद्यावर करायचा आहे, त्याच्या डोळ्यांच्या जिवावर स्टॉक खपवू नका.