चौथ्या सीटचे वैद्यक

कोणत्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलावे आणि कोणते दुखणे मुकाट्याने गिळावे, याचा निर्णय मुंबईच्या उपनगरांत वैद्यकशास्त्र करीत नसून शेजार करतो, ही गोष्ट बोरिवलीत काय किंवा मुलुंडमध्ये काय, कोणत्याही दवाखान्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून पडताळून पाहता येते. गुडघेदुखी ही प्रतिष्ठित व्याधी आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यात मुंबईच्याच ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी कृत्रिम सांधा बसविला, तेव्हापासून तर या व्याधीला राजमान्यताच मिळाली, आणि सांधा बदललेले आजोबा लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतील खुर्ची पकडून शस्त्रक्रियेचा खर्च वरपक्षालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. टाच, मान, धरलेला खांदा यांनाही समाजात बरे स्थान आहे. मात्र कंबर आणि मांडी यांच्यामध्ये निसर्गाने जो भाग बसण्यासाठी दिला आहे, तेथे उठणाऱ्या कळेला आजवर एकही पंतप्रधान लाभलेला नाही, आणि म्हणून ती कळ ज्याला असते त्यालाही नसल्यासारखी वागवावी लागते.

या कळेच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराला सायटिका म्हणतात. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडून निघणाऱ्या पाच मुळ्या एकत्र येऊन सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू तयार होतो; तो नितंबातील स्नायूंच्या खालून मांडीच्या मागच्या बाजूने उतरतो आणि त्याच्या शाखा पावलापर्यंत जातात, त्यामुळे वर मूळ दाबले गेले की वीज खाली चमकते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात ही व्याधी गृध्रसी या नावाने येते, आणि तेथे वेदनेचा प्रवास नितंबापासून सुरू करून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने नोंदविला आहे. नितंबाचे नाव पहिल्या क्रमांकावर घालताना ग्रंथकाराने कोणाकडे चोरून पाहिल्याचे दिसत नाही. नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे असे वेगळे काढून दाखविले, आणि १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकती, म्हणजे बोलीभाषेतील ‘गादी’, फुटून मुळीवर दाब देते हे मांडले. इतक्या साऱ्यांनी इतके स्पष्ट बोलून ठेवल्यानंतर उपनगरातील रुग्णाला फक्त बोट ठेवून जागा दाखवायची असते. नेमके तेच होत नाही.

याला वास्तुरचना काही अंशी जबाबदार आहे. दवाखाना म्हणजे बहुधा रस्त्यालगतच्या इमारतीतील एक गाळा, त्यात छतापर्यंत न पोचलेले प्लायवूडचे पार्टिशन, आणि डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून पुढचे दोन नंबर कंपाउंडरने आतल्याच बाकावर आणून बसविलेले. त्यामुळे तेथे मांडलेले प्रत्येक गाऱ्हाणे ही आपोआप जाहीर सभा ठरते. ‘कुठे दुखतंय?’ असे विचारताच पन्नाशीचा गृहस्थ प्रथम बाकाकडे पाहतो, बाकावर सोसायटीचे खजिनदार बसलेले आढळतात, आणि त्याचा हात, जो दाराबाहेर उभे असताना अगदी योग्य जागी होता, वीतभर वर सरकून कमरेवर स्थिरावतो. स्त्री असेल तर हात वीतभर खाली सरकतो आणि ‘पाय दुखतात हो’ एवढेच उत्तर मिळते. मग गृहस्थाला कमरेचा पट्टा मिळतो, बाईंना पायाच्या शिरांची डॉप्लर तपासणी लिहून मिळते, आणि कळ जिथल्या तिथे राहून तिच्या दोन्ही बाजूंना उपचार चालू राहतात.

कारणांचा विचार करताना दोष सगळा एकाच गोष्टीच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि चौथ्या सीटचा उल्लेख टाळणे हेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. लोकलच्या दुसऱ्या वर्गातील बाक तिघांसाठी असला तरी त्यावर चौघांनी बसावे, हा उपनगरी राज्यघटनेचा अलिखित अनुच्छेद आहे. चौथ्याचे एक नितंब बाकाच्या कडेवर आणि दुसरे अधांतरी असते, एक पाय उभ्या प्रवाशांच्या बुटांमधून वाट काढून जमिनीला रेटलेला असतो, आणि कणा तिसऱ्या प्रवाशाच्या खांद्याकडे तिरपा झुकलेला असतो. अशा आसनात बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर रोज दोनदा कापणाऱ्याच्या आधीच चिडलेल्या मज्जातंतूने तक्रार केली, तर तिला बंड म्हणता येणार नाही. त्यानंतर उरलेसुरले काम लालबहादूर शास्त्री मार्गावरील खड्डे आणि रिक्षाची मागची सीट मिळून पुरे करतात.

मागच्या खिशातील जाडजूड पाकिटावर बसून राहिल्याने सायटिका होऊ शकते, असे १९७८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने नोंदविले. मुंबईकर या प्रकारापासून बराचसा सुरक्षित राहिला आहे, कारण येथे पाकीट मागच्या खिशात ठेवणारा माणूस दादर येईपर्यंत पाकीटवाला राहत नाही. उपनगरी रेल्वेवरील या मूक आरोग्यसेवेची दखल मात्र एकाही सरकारी अहवालाने घेतलेली नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होणे आणि तेथील कातडी बधिर वाटणे हा आणखी एक प्रकार. जांघेजवळून जाणारी एक बारीक संवेदी शाखा घट्ट पट्ट्याखाली किंवा सुटलेल्या पोटाखाली चिमटली की तो होतो. बर्नहार्ट आणि रोट यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वतःच्याच मांडीतील हे दुखणे जाहीर लेखातून मांडले. मनातील लाजेचा ठाव घेणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या मांडीची लाज वाटली नाही. अंधेरीच्या कार्यालयातील वरिष्ठ व्यवस्थापकाला मात्र डॉक्टरांनी ‘पट्टा दोन भोके सैल करा’ असे सांगितले, तर तो आधी डॉक्टर बदलतो.

रुग्ण डॉक्टरांपुढे असा गप्प असला तरी सल्ला मिळविण्याच्या बाबतीत तो गप्प नसतो, हे लक्षात घेतले पाहिजे. बाकावरचे खजिनदार ज्याला परके, त्यालाच डब्यातला ग्रुप घरचा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचे एक ठरलेले मत असते: कोणी ‘नस दबली आहे’ म्हणतो, कोणी ‘वात आहे, वाटाणा बंद करा’ म्हणतो, आणि कोणाला वसईकडचा एक हाडवैद्य ठाऊक असतो, ज्याचा नंबर त्याच्याजवळ नसतो पण मेव्हण्याजवळ असतो. महिलांच्या डब्यात पालेभाजी निवडता निवडता हीच परिषद अधिक सविस्तर भरते, आणि खरे सांगायचे तर दुखण्याची नेमकी जागा निदान तेथे तरी उच्चारली जाते. या सर्व सल्लागारांचे एक रहस्य आहे. चकतीमुळे झालेली सायटिका बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत, साधारणपणे सहा ते बारा, आपोआप उतरू लागते, कारण बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर हळूहळू शोषून घेते. याचा अर्थ असा की, त्या आठवड्यांत ज्याचा सल्ला चालू असेल त्याच्या खात्यावर यश जमा होते. पहिल्या आठवड्यातील विद्वान डॉक्टर बदनाम होतो आणि आठव्या आठवड्यातील तेलवाला सिद्धपुरुष ठरतो.

पायाळू हा या परंपरेतील सर्वांत प्राचीन विशेषज्ञ होय. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी आले तो पायाळू, आणि उसण भरलेल्या कमरेला त्याने पाय लावला की उसण उतरते, अशी महाराष्ट्रात सार्वत्रिक समजूत आहे. पण २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने पायाळू बाळासाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला, प्रसूतिगृहांनी तो उचलून धरला, आणि नव्या पायाळूंची आवक घटली. सिझेरियनने जन्मलेल्या, म्हणजे पाय आधी यायचे ठरवूनही प्रत्यक्षात तशी संधी न मिळालेल्या तरुणाच्या लाथेत गुण उतरतो की नाही, हा प्रश्न शास्त्रार्थासाठी खुला आहे. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणाकडे पायाळू आहे का? अर्जंट’ असा निरोप पडला की सी विंगमधील सत्तरीचे काका, ज्यांना स्वतःलाच पाय उचलवत नाही, तेवढे हजर होतात.

मेडिकलवाला हा दुसरा टप्पा. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ असे छापलेल्या पट्टीतून तो चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि सोबत ‘नसेची गोळी’ म्हणून बी-१२ घालतो, जी त्याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे पायाला मुंग्या येत असतील तर गुणकारी आहे आणि दाबलेल्या मुळीच्या बाबतीत निरुपद्रवी आहे. मज्जातंतूच्या वेदनेवर सर्रास दिले जाणारे प्रीगॅबालिन सायटिकात बिनऔषधी गोळीहून सरस ठरत नाही, असे २०१७ मध्ये एका चाचणीत आढळले. काउंटरवरील खपाला त्याची वार्ता नाही. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे. गृध्र म्हणजे गिधाड, आणि रुग्ण गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून गृध्रसी, असा परंपरेचा खुलासा. याच दुखण्यावर माणूस जे औषध चोळतो आणि गिळतो, तेच औषध दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. आकाशातील गिधाडे संपत आली. त्यांच्या चालीने चालणारे अंधेरीच्या जिन्यावर रोज वाढत आहेत.

एवढ्यावर विषय हसण्यावारी नेता आला असता, जर संकोचाची किंमत नेहमी फक्त चुकीच्या पट्ट्याएवढी असती. पाठीचा मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो आणि त्याखाली मुळ्यांचा एक जुडगा लोंबत असतो, ज्याला घोड्याच्या शेपटीवरून कॉडा इक्विना म्हणतात. मोठी चकती अचानक सरकून हा सगळा जुडगाच दाबला गेला, तर पायदुखीबरोबर लघवी अडते किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा जातो, आणि घोड्यावर बसताना खोगिराला टेकणारा भाग, म्हणजे उपनगरी हिशेबाने चौथ्या सीटला टेकणारा भाग, बधिर होतो. हे दुर्मीळ आहे. पण झाले तर शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी लागते, आणि उशीर झाल्यास मूत्राशय, आतडे आणि लैंगिक क्रिया कायमची अधू होऊ शकते. म्हणूनच दोन्ही पायांत कळ आहे असे ऐकताच डॉक्टर तीन प्रश्न विचारतात: लघवी नीट होते का, शौचाचे कळते का, आणि पुसताना तिथला स्पर्श जाणवतो का. यावेळी रुग्णाच्या एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला फाइल धरून सून उभी असते, आणि साठ वर्षे सुनेसमोर उघड्या अंगाने न बसलेला तो सासरा तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर देतो: ‘सगळं व्यवस्थित आहे.’ सूनबाईंना पाणी आणायला पिटाळून तेच प्रश्न पुन्हा विचारण्याची युक्ती जुन्या डॉक्टरांना अवगत असते. नव्यांपैकी कित्येकांना ती कोणी शिकवलेली नसते. राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, जेथे टेबलाभोवती एकाच वेळी चार केस पेपर फडफडत असतात, तेथे युक्ती ठाऊक असूनही तिला जागा मिळत नाही.

बसल्यावर वाढणारी आणि उभे राहिल्यावर उतरणारी जननेंद्रियाच्या परिसरातील कळ हा याहूनही अबोल प्रकार. आरे कॉलनीच्या रस्त्याने पहाटे अरुंद खोगिराच्या महागड्या सायकली हाकणाऱ्यांना तो होऊ शकतो, आणि ते त्याचा खुलासा ‘जिम लावलंय, अंग धरलंय’ असा करतात. ज्या मज्जातंतूमुळे ही कळ उठते, त्याचे नावच युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी लाजेवरून ठेवले होते, तेव्हा सायकलस्वाराला एकट्याला दोष देता येत नाही.

शेवटी एमआरआय होतो, आणि येथे उपनगरी लाजेचा एक चमत्कारिक नियम दृष्टीस पडतो. जो भाग बोटाने दाखवता आला नाही, तो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर आला की त्याला ‘एल-फाईव्ह एस-वन’ असे नाव मिळते आणि त्याची सगळी अब्रू परत येते. ज्यांना काहीही दुखत नाही अशा विशीतील माणसांपैकीही सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीतील ८४ टक्क्यांत चकती फुगलेली दिसते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. म्हणजे डब्यात चढलेल्या कोणाचीही फिल्म काढली, तरी चर्चेला काही ना काही निघालेच असते. परंतु फिल्म एकट्याचीच असते. मुलुंडला ती पिवळ्या पाकिटातून बाहेर निघते, खिडकीच्या उजेडाकडे धरली जाते, बँकेतले देशमुख चष्मा कपाळावर सारून माकडहाडापर्यंत सगळे मणके बोटाने मोजतात, उभ्या प्रवाशांपैकी एक अनोळखी माणूस ‘उलटी धरलीय’ म्हणून ती सुलटी करतो, आणि घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत घुसेपर्यंत निदान एकमताने मंजूर झालेले असते: गादी सरकली आहे, ऑपरेशन अजिबात करायचे नाही, आणि नाहूरला एक जण आहेत, फक्त मंगळवारी बसतात.