नौपाडा ते समुद्र, व्हाया कालनिर्णय

नौपाड्याच्या नावात 'नौ' आहे खरी, पण होडी म्हटली की इथल्या माणसाला तलावपाळीच आठवते: पैसे भरायचे, एक फेरी मारायची आणि भेळ खायला उतरायचं. कयाकने समुद्रप्रवास म्हटला की 'ते आपलं काम नव्हे' म्हणून तो मोकळा होतो. वास्तविक लांब पल्ल्याच्या वल्हवण्याला शौर्यापेक्षा वेळापत्रक जास्त लागतं, आणि ठाणे स्टेशनात मुरलेल्या माणसाचा या विषयात हात धरणारा कोण आहे? कोकणातले जुने दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करत: चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची. म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय हेच टाइमटेबल, आणि भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा. हिशोबाने उशिरा येणारी गाडी! अशा गाडीसाठी ठाणेकर नवस बोलतील. ओहोटी साधली की खाडीचं पाणीच कयाकला ऐरोली, वाशी करत बंदराकडे नेतं. चुकली तर चिखल आणि फ्लेमिंगो, आणि त्यात पाय फक्त फ्लेमिंगोंचेच पुरेसे लांब. राहिली बसायची जागा. सागरी कयाकची रुंदी जेमतेम दोन फूट. चौथ्या सीटवर कल्याण गाठणाऱ्याला ती ऐसपैसच वाटेल.

'पण समुद्रात लाटा असतात!' असतात. म्हणूनच पहाटेच्या मतलई वाऱ्यात निघून दुपारचा वारा उठायच्या आत किनारा गाठायचा. पहिली लोकल धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात तर या मार्गावर सरळ मेगाब्लॉक. 'हे गोऱ्यांचे उद्योग,' हा दुसरा आक्षेप. ऑस्कर श्पेक नावाचा जर्मन १९३२ साली घडीची कयाक घेऊन डॅन्यूबवरून निघाला, भारताचा किनाराही त्याने वल्हवला, आणि १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, तोवर महायुद्ध पेटलेलं. शत्रुदेशाचा म्हणून त्याला अटक झाली; सात वर्षांचा प्रवास आणि शेवटच्या स्टेशनात टीसी! पण आपल्या कौस्तुभ खाडे यांनीही २०१५-१६ मध्ये द्वारका ते कन्याकुमारी हा सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा कयाकने पार केला, आडनावाला अजिबात न जागता. तेव्हा तोही आक्षेप बुडाला. 'वाटेत मिसळ कुठे मिळणार?' याला मात्र उत्तर नाही, सोसावं लागेल. बिनतोड आक्षेप एकच: पोहता येत नाही. तलावपाळीच्या फेरीला ते लागत नाही, समुद्राला लागतं. म्हणून वल्हं नंतर घ्या. आधी पोहायला शिका, लाइफ जॅकेट घट्ट बांधा, आणि मगच कालनिर्णयात तिथी बघा.