९१चा कमीपणा

पेट्रोल पंपावरचा पोरगा मीटरवरचं शून्य दाखवता दाखवता विचारतो, “साधं टाकू का पॉवर, साहेब?” त्यातला ‘साहेब’ नसता तर ‘साधं’ म्हणणं सोपं गेलं असतं. पण आपण फोर बाय फोरच्या उंच सीटवर बसलेलो, टायरवर गेल्या पावसाळ्यातला चिखल जपून ठेवलेला, आणि मागे स्कूटरवाला ऐकतोय. एवढ्या थाटात ‘साधं’ तोंडातून फुटत नाही.

शिवाय आकडा आड येतो. साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१ ऑक्टेनचं, भारी पेट्रोल ९५, ९७, ९९. इंडियन ऑइलने २०२०च्या डिसेंबरात थेट १०० आणलं, आणि पहिल्या शहरांच्या यादीत पुणं होतं, यात नवल काही नाही. दहावीच्या निकालांनी आपल्याला एवढं शिकवलंय की ९१ हा आकडा सांगताना आवाज जरा खाली आणायचा.

हे टक्के मात्र हुशारीचे नव्हेत, ताकदीचेही नव्हेत. १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने आयसोऑक्टेनला १०० गुण दिले आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य. पहिलं दाबाखाली टिकून राहतं, दुसरं चटकन भडकतं. (हे शून्य गुणांचं हेप्टेन तेव्हा जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून काढत.) आपलं पेट्रोल या दोहोंच्या कोणत्या मिश्रणाइतका दाब सोसतं, तेवढंच हा आकडा सांगतो. पिस्टन वर येतो, हवा-पेट्रोल आवळलं जातं, तापतं. ठिणगी पडून ज्वाळा आपल्यापर्यंत येईतो त्यानं गप्प बसायचं असतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे सम यायच्या आधीच ‘वाहवा’ म्हणून मोकळा होणारा श्रोता. मग इंजिन टकटक वाजू लागतं, आणि ते फार दिवस वाजलं तर पिस्टनला महागात पडतं.

किती धीराचं पेट्रोल हवं, हे इंजिन किती आवळतं त्यावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप मिश्रणाला साडेसहापटच दाबायची. तिला १०० ऑक्टेन पाजलं असतं तरी ती तसूभर जास्त पळाली नसती. आजच्या पेट्रोल थारला टर्बो आहे, तिचं दडपण वेगळं. भर उन्हात, भरल्या गाडीने घाट चढताना तिला वरचा आकडा थोडाफार जाणवूही शकेल. आजकाल नॉक सेन्सर टकटक ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकवतो. गाडी जरा मंदावते, बोलत काही नाही. बाकी मॅन्युअलमध्ये ९१ चालेल असं छापलं असेल, तर वरचे पैसे इंजिनाच्या नव्हे, मालकाच्या समाधानाचे. तेही कमी महत्त्वाचं नसतं म्हणा.

खडकाळ चढावर टकटक होण्याला कारणं भरपूर: जड गाडी, मंद वेग, रेडिएटरला वारा नाही, आणि चालकाची खालचा गिअर टाकायची तयारी नाही. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे फोर-लो लावणं, गिअर उतरवणं आणि इंजिनाला मोकळं फिरू देणं. पण गिअर उतरवण्यात मिरवण्यासारखं काही नाही; बाटलीतलं ‘ऑक्टेन बूस्टर’ फोटोत छान दिसतं.

या बाटल्या लेहलाही जातात. तिथे साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. हवाच विरळ, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनात दाबायला कमी, म्हणजे ऑक्टेनची गरजही कमी. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात म्हणूनच ८५चं पेट्रोल विकतात. न्यू जर्सीतला चुलतभाऊ फोनवर “आम्ही ८७ टाकतो” म्हणाला तर इथे छाती फुगवण्यात अर्थ नाही. तिथे दोन चाचण्यांची सरासरी पंपावर लावतात, इथे त्यातल्या मोठ्या आकड्याची एकच. त्याचं ८७ आपल्या ९१च्या शेजारीच राहतं.

मधल्या मध्ये गंमत केली उसाने. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला किमान ९५चा दंडक आला. म्हणजे ‘साध्या’ला घरबसल्या बढती मिळाली, तीही कोल्हापूर-सांगलीच्या शिवारातून. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ऑक्टेन चढलं, मायलेज थोडं उतरलं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने कव्हराखाली मुक्काम करणाऱ्या गाडीने ऑक्टेनपेक्षा टाकीतल्या शिळ्या पेट्रोलची काळजी करावी. आडवाटेसाठी घेतलेल्या बऱ्याच गाड्यांना सर्वांत अवघड वाट म्हणून सोसायटीचा गतिरोधकच भेटतो.

ज्या थोड्या गाड्या खरंच रस्ता सोडतात, त्यांचा प्रश्न भलत्याच ठिकाणी सुटतो. शेवटचा पंप घाटाखाली राहिलेला, काटा लालात. वाडीतल्या किराणा दुकानाच्या फळीवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांमध्ये पिवळसर काहीतरी भरलेलं. दुकानदार साधं का पॉवर असं विचारत नाही. “दादा, फडकं आहे का गाळायला?” एवढंच विचारतो, आणि पैसे आधी घेतो.