अर्धा बँड

माझी भाची नर्स आहे आणि तिला इंग्लंडला जायचे आहे. तिथल्या नर्सिंग परिषदेचा नियम असा, की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत सात-सात बँड हवेत, लिहिण्यात साडेसहा चालतात. लिहिण्यातही पूर्वी सातच लागत. २०१८ सालच्या अखेरीस त्यांनी अर्धा सोडला. माझ्या भाचीला पडले सहा. आमच्या भंडारा जिल्ह्यात धान पायलीने मोजले, कुडवाने मोजले, खंडीने मोजले. पण हा अर्धा बँड कोणत्या मापात बसतो ते कुणालाच सांगता येईना. पुन्हा परीक्षेची फी भरायची म्हणजे हमीभावाने सात-आठ क्विंटल धान. बहिणीने हा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवला.

मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, म्हणून लिखाणाची तयारी माझ्या गळ्यात पडली. घरच्यांच्या मते लिहिणे ते लिहिणे. कोणत्या भाषेत, हा फार बारीक तपशील.

साठ मिनिटांत दोन तुकडे लिहायचे असतात. पहिल्यात एखादा आलेख, तक्ता किंवा नकाशा देतात. त्याचे वर्णन निदान दीडशे शब्दांत करायचे. दुसरा निबंध, निदान अडीचशे शब्दांचा, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. मी म्हटले, अडीचशे शब्द म्हणजे काय मोठेसे! आमच्या वर्गात ‘नदीचे आत्मवृत्त’ लिहायला बसलेली पोरे उगमापाशीच दोन पाने खात. वैनगंगा शिवणीहून निघून पवनीच्या घाटाला लागेपर्यंत तास संपे.

“मामाजी, नदी नाही बोलत इथं,” भाची म्हणाली. “मत द्यावं लागते. काही लोकांना असं वाटते, काहींना तसं. तुम्ही कितपत सहमत?”

या ‘कितपत’ने मला दोन दिवस झोप दिली नाही. आयुष्यभर मी कुणाशीही कितपत सहमत नव्हतो. एक तर पूर्ण सहमत असे, कारण समोर मुख्याध्यापक असत. नाहीतर अजिबात नसे, कारण ते घरी गेलेले असत. आमच्या पवनीत जवाहर गेटजवळच्या चहाच्या टपरीवर कुणाला काही विचारा, उत्तर येते, “होय जी, पर...” आणि खरे मत त्या ‘पर’च्या पलीकडे, दुसऱ्या कपानंतर निघते. परीक्षकाला ते पहिल्या परिच्छेदात हवे असते. चहा न पाजता.

मी सुचवले, सुरुवात म्हणीने कर. नाही चालत. शेवटी दोन ओळी उपदेशाच्या टाक. त्याचेही गुण नाहीत. गुण चार गोष्टींना: विचारलेल्याचे उत्तर दिले का, म्हणणे एकमेकांना धरून आहे का, शब्दसंपत्ती कशी, व्याकरण कसे. चारही ठिकाणी मी शिकवलेले सगळे अलंकार दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवावे लागत होते. खोटे कशाला बोलू, तिचा चौथा निबंध वाचताना मला जरा हेवाही वाटला. पोरगी जे म्हणायचे ते सरळ म्हणत होती.

राहता राहिले स्पेलिंग. यात ती मार खायची आणि मला राग यायचा. एका संध्याकाळी तिला घेऊन जगन्नाथ टेकडीकडे गेलो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा मोठा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले, प्राकृतातले लेख होते. बहुतेक देणगीदारांचे. कुणी दिले आणि हे दान आहे, एवढेच. दोन हजार वर्षे टिकले आणि शब्द पाच-सहासुद्धा नाहीत.

एका दगडावर पाच फण्यांचा नाग आहे. बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. पण खाली कोरणाऱ्याने लिहिले ते ‘मुचरिंद’. ‘ल’चा ‘र’ झाला. आमच्या झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो, फळाचे फर होते, म्हणून मी लगेच त्या कारागिराला गाववाला ठरवून टाकले. भाषाशास्त्रज्ञ मला यासाठी टेकडीवरून खाली ढकलतील, याची कल्पना आहे.

“हे आज असतं तर गुण कापले असते,” भाची म्हणाली, आणि परत येताना वाटभर स्पेलिंगे पाठ करत आली.

मग नकाशाचा सराव. अशा प्रश्नात एका गावाचे दोन नकाशे असतात, पूर्वीचा आणि नंतरचा, आणि काय बदलले तेवढे सांगायचे. का बदलले, चांगले झाले की वाईट, यावर चकार शब्द नाही. मी म्हटले, मग पुस्तक कशाला हवे? तालुक्यातले गोसीखुर्द धरण घे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केले. खर्चाचा आलेख तर परीक्षेसाठीच काढल्यासारखा: ३७२ कोटींवरून निघाला तो अठरा हजार कोटींच्या पुढे. ‘झपाट्याने वाढला’ याला इंग्रजीत जेवढी क्रियाविशेषणे आहेत तेवढी सगळी तिने त्या एका रेघेवर वापरून घेतले.

नकाशासाठी तिने आजीचे माहेर घेतले. ते पाण्याखाली गेले. इंग्रजी कर्मणी प्रयोग अशा कामाला फार सोयीचा: गाव बुडवले गेले, लोक हलवले गेले, रस्ता वळवला गेला. कुणी, ते विचारायची सोय नाही. वीस मिनिटांत लिहून झाले. मोजले तर एकशे चव्वेचाळीस शब्द. सहा कमी.

आजी बाजूला लाखोळीची डाळ निवडत होती. म्हणाली, “काय लिहलं ते मराठीत सांग.”

भाचीने सांगितले. देऊळ उत्तरेला, शाळा नदीकडे, घरे मधोमध. नंतर सगळीकडे पाणी, आणि वरच्या बाजूला नव्या घरांच्या रांगा.

“आंगनातली चिच लिहली का?”

“आजी, नकाशात झाड नाही.”

“मंग काढ.”

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. तिने पेन्सिल घेऊन पहिल्या नकाशात, घरांच्या मधोमध एक गोल काढला आणि खाली एक वाक्य वाढवले. मग पहिल्यापासून बोट ठेवत पुन्हा मोजले. एकशे त्रेपन्न.